इंग्रजी वाक्यांचे प्रकार



पालक जेव्हां आम्हांस भेटावयास येतात, तेव्हां त्यांच्या बोलण्यांत एक तक्रार हटकून येते. "मुलानें शब्द पाठ केले, स्पेलिंगें पाठ केलीं, व्याकरणाचे नियमहि घडाघड म्हणून दाखवितो, पण इंग्रजींत चार वाक्यें लिही असें म्हटलें, कीं त्याची लेखणी अडते. हें असें कां व्हावें?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, भाषा ही सुट्या शब्दांनीं बनत नाहीं. ती वाक्यांनीं बनते. धान्य, मीठ व सरपण घरांत आणून ठेविलें म्हणजे स्वयंपाक झाला असें कोणतीहि गृहिणी म्हणणार नाहीं. त्याप्रमाणेंच शब्दांचा सांठा हा भाषेचा केवळ कच्चा माल होय. त्यांतून वाक्य कसें शिजवावयाचें हें कळल्याविना त्या सांठ्याचा उपयोग नाहीं.

म्हणून इंग्रजी वाक्यांच्या प्रकारांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. इंग्रजी वाक्यें मुद्दामच देवनागरी लिपींत दिलीं आहेत. ज्या मातापित्यांस इंग्रजी लिपि अवगत नाहीं, त्यांसहि हा लेख हातीं घेऊन मुलाचा पाठ ऐकतां यावा, हा त्यांतील हेतु. पाठ ऐकणारानें सर्व कांहीं जाणलेंच पाहिजे असें नाहीं. तो लक्ष देऊन ऐकतो आहे एवढें मुलास कळलें, तरी पुष्कळ काम होतें.

वाक्य म्हणजे काय?

पूर्ण अर्थ व्यक्त करणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, ही व्याख्या तुम्ही मराठीच्या तासास शिकलां आहांत. ज्याविषयीं बोलावयाचें तें उद्देश्य, आणि त्याविषयीं जें सांगावयाचें तें विधेय, हे वाक्याचे दोन भागहि तुमच्या परिचयाचे आहेत. इंग्रजींतहि हेंच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्या दृष्टीसमोर होता. त्यामुळें या दोन व्याकरणांतील पुष्कळ परिभाषा एकमेकींशीं जुळते. हा आपला मोठा लाभ आहे. ज्याचें मराठी व्याकरण पक्कें, त्याची इंग्रजी व्याकरणाची अर्धी वाट चालून झालेली असते.

परंतु दोन बाबतींत या भाषांचे मार्ग भिन्न आहेत. पहिली बाब कर्त्याची. मराठी क्रियापद आपल्या अंगावर कर्त्याची खूण बाळगतें. "उद्यां येतों" एवढेंच म्हटलें, तरी येणारा मी आहें हें ऐकणारास कळतें. इंग्रजी क्रियापदास ती सोय फारशी नाहीं. म्हणून तेथें "आय शॅल कम टुमारो" असें कर्त्यासह म्हणावें लागतें. इतकेंच नव्हे, तर जेथें खरा कर्ता कोणीच नाहीं, तेथेंहि इंग्रजी भाषा एक नांवाचा कर्ता उभा करते. "उकडतें आहे" या मराठी वाक्यांत कर्ता नाहीं. इंग्रजींत मात्र "इट इज हॉट" असें म्हणावयाचें. हा 'इट' कोण, असें विचारूं नये. कर्त्याचें आसन रिकामें राहूं नये म्हणून त्यास तेथें बसविलें आहे, इतकेंच.

दुसरी बाब शब्दांच्या क्रमाची. "रामानें रावणास मारिलें" हें वाक्य "रावणास रामानें मारिलें" असें फिरविलें, तरी मरणारा रावणच. कारण 'नें' व 'स' हे प्रत्यय आपापलें काम करीत असतात. इंग्रजींत "राम किल्ड रावण" हें वाक्य "रावण किल्ड राम" असें फिरविलें, तर सारें रामायणच उलटें होतें. मराठींत शब्दाची ओळख प्रत्ययावरून पटते, इंग्रजींत ती जागेवरून पटते. हें सूत्र ध्यानांत ठेविलें, म्हणजे पुढील सर्व प्रकार सुलभ होतील.

हेतूवरून पडणारे प्रकार

बोलणाराचा हेतु काय, हें पाहून इंग्रजी वाक्यांचे चार प्रकार करितात : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी व उद्गारार्थी.

१. विधानार्थी वाक्य. ज्यांत कांहीं सांगितलेलें असतें, तें विधानार्थी. "द सन राइझेस इन द ईस्ट", "माय सिस्टर इज इल" हीं अशीं वाक्यें होत. यांचे दोन पोटभेद आहेत, होकारार्थी व नकारार्थी. होकारार्थी वाक्य मुलांस सहसा अडत नाहीं. अडतें तें नकारार्थी. 'इज', 'कॅन', 'शॅल' यांसारखें साहाय्यक क्रियापद वाक्यांत असेल, तर त्याच्यापुढें 'नॉट' ठेविला कीं झालें : "ही इज नॉट इल". परंतु असें क्रियापद नसेल, तर 'डू', 'डझ' किंवा 'डिड' यांस मदतीस बोलवावें लागतें. "आय नॉट नो" हें अशुद्ध. "आय डू नॉट नो" हें शुद्ध.

येथें एक चूक फार वेळां होते. "ही वेन्ट होम" याचें नकारार्थी रूप करतांना मुलें "ही डिड नॉट वेन्ट होम" असें लिहितात. भूतकाळाची खूण 'डिड'नें आपल्या माथ्यावर घेतली आहे; मग 'वेन्ट'नें ती पुन्हां कां घ्यावी? एका डोक्यावर दोन पागोटीं शोभत नाहींत. "ही डिड नॉट गो होम" हें बरोबर. तसेंच "शी सिंग्ज" याचें "शी डझ नॉट सिंग" होतें. 'सिंग'च्या शेवटचा ध्वनि 'डझ'कडे गेला.

चौकस विद्यार्थी कदाचित् म्हणेल कीं, १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत किंवा शेक्सपिअरच्या नाटकांत "आय नो नॉट" अशी रचना आढळते, ती कशी? ती त्या काळीं शुद्धच होती. पुढें 'डू'ची मदत घेण्याची रीत रूढ झाली व जुनी रचना मागें पडली. जुनें इंग्रजी वाचतांना तिचा अर्थ समजावा. आपण लिहितांना मात्र आजची रीत पाळावी.

२. प्रश्नार्थी वाक्य. मराठींत विधानाचा प्रश्न करणें अगदीं सोपें आहे. "तो आजारी आहे" याच्या शेवटीं 'का' जोडला कीं प्रश्न झाला. इंग्रजींत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढें येऊन उभें राहतें : "ही इज इल" याचें "इज ही इल?" असें होतें. साहाय्यक क्रियापद नसेल, तर पुन्हां 'डू' धांवून येतो : "डू यू लाइक मँगोज?" 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय' हे प्रश्नवाचक शब्द आरंभीं आले, तरी त्यांच्यामागून हाच क्रम चालतो. "व्हेअर यू लिव्ह?" हें अशुद्ध, "व्हेअर डू यू लिव्ह?" हें शुद्ध. मात्र प्रश्नवाचक शब्द स्वतःच कर्ता असेल, तर 'डू' लागत नाहीं : "हू ब्रोक द स्लेट?"

प्रश्न जेव्हां दुसऱ्या वाक्याच्या पोटांत शिरतो, तेव्हां तो आपला उलटा क्रम बाहेर ठेवून येतो. "टेल मी व्हेअर डू यू लिव्ह" असें नव्हे, तर "टेल मी व्हेअर यू लिव्ह" असें म्हणावें.

आतां या प्रकारांतील एका लहानशा गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधूं इच्छितों. कारण तिनें आम्हांस एकदां फार दुःख दिलें. बोलतांना विधानाच्या शेवटीं प्रश्नाचें शेपूट जोडण्याची इंग्रजींत चाल आहे. मराठींत आपण "नाहीं का?" किंवा "ना?" एवढ्यावर सर्वत्र भागवितों. इंग्रजींत विधान होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, व विधान नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी असतें : "यू आर टायर्ड, आर्न्ट यू?" "यू आर नॉट टायर्ड, आर यू?"

आम्ही शाळेंत शिकत असतांना वर्गाच्या कपाटांतून एक नकाशांचें पुस्तक नाहींसें झालें. नव्यानेंच आलेल्या शिक्षकांस मराठी येत नव्हतें. ते स्वभावानें कोमल होते. कोणावरहि आळ न घेतां त्यांनीं एकेका मुलास जवळ बोलावून विचारिलें, "यू डिड नॉट टेक द बुक, डिड यू?" आमची पाळी आली. आम्हीं पुस्तक घेतलें नव्हतें. शिक्षक म्हणत होते तें खरेंच होतें. म्हणून आम्हीं मोठ्या विश्वासानें मान हलवून म्हटलें, "येस, सर."

शिक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनीं पुन्हां तोच प्रश्न केला व आम्हीं पुन्हां तेंच उत्तर दिलें. "होय, आपण म्हणतां तें बरोबर आहे, मीं पुस्तक घेतलें नाहीं," असें आमच्या मनांत होतें. "होय, मीं पुस्तक घेतलें," असें त्यांच्या कानांत शिरलें. मग पुस्तक कोठें आहे अशी विचारणा होऊं लागली, आणि आम्ही गोंधळून रडूं लागलों. रडणें हा अपराधाचा पुरावा ठरला. दुसरे दिवशीं वडिलांस शाळेंत येण्याची चिठ्ठी गेली.

आमचे वडील इंग्रजी शिकलेले नव्हते. कामाचा एक दिवस बुडवून ते आले व टोपी हातांत धरून दाराशीं उभे राहिले. ते इतकेंच म्हणाले, "साहेब, माझा मुलगा घरीं सांगतो कीं त्यानें पुस्तक घेतलें नाहीं. तो माझ्याशीं खोटें बोलत नाहीं." त्यांचें बोलणें शिक्षकांस समजावून देण्यासाठीं मराठीच्या गुरुजींस बोलाविलें. गुरुजींनीं आम्हांस विचारिलें, "बाळ, सरांनीं काय विचारिलें आणि तूं काय उत्तर दिलेंस, शब्दास शब्द सांग." आम्हीं सांगितलें. गुरुजी क्षणभर स्तब्ध राहिले, आणि मग म्हणाले, "अरे, तूं खरें बोललास, पण मराठींत बोललास. शब्द तेवढे इंग्रजी होते."

शिक्षकांस उलगडा होतांच त्यांनीं सर्व वर्गासमोर आमच्या वडिलांचा हात हातीं घेतला. पुस्तक चार दिवसांनीं कपाटाच्या मागें सांपडलें. पण वडील दाराशीं टोपी हातांत धरून उभे होते, तें चित्र आमच्या डोळ्यांपुढून अद्यापि जात नाहीं.

म्हणून नियम पाठ करा. मराठींत आपण पुष्कळदां प्रश्न करणाराच्या म्हणण्यास 'होय' किंवा 'नाहीं' म्हणतों. इंग्रजींत तसें नाहीं. तेथें प्रश्न कोणत्याहि रूपानें विचारलेला असो, प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीकडे पाहून उत्तर द्यावयाचें. गोष्ट घडली असेल तर 'येस', घडली नसेल तर 'नो'. 'येस'च्या मागून नकार येत नाहीं, व 'नो'च्या मागून होकार येत नाहीं. "नो, सर, आय डिड नॉट" एवढे शब्द आम्हांस त्या दिवशीं आले असते, तर वडिलांचा दिवस बुडाला नसता.

३. आज्ञार्थी वाक्य. आज्ञा, विनंती, उपदेश किंवा मनाई ज्यांत असते, तें आज्ञार्थी. "ओपन द डोअर", "डू नॉट टेल अ लाय" हीं त्याचीं उदाहरणें. कर्त्याविना इंग्रजी वाक्य होत नाहीं असें वर म्हटलें. त्यास हा मुख्य अपवाद होय. येथें 'यू' हा कर्ता अध्याहृत असतो. स्वतःसह इतरांस उद्देशून बोलावयाचें असेल, तर 'लेट अस' योजितात : "लेट अस गो".

मराठींत धाकट्यास 'ये', वडीलधाऱ्यांस 'या', आणि पत्रांत 'यावें' असें म्हणून आपण क्रियापदांतच आदर दाखवितों. इंग्रजींतहि पूर्वीं एकवचनी 'दाउ' हा शब्द होता. पण तो नित्याच्या बोलण्यांतून गेला, व लहानथोर सर्वांस एकच 'यू' उरला. अर्थात् 'कम' हा शब्द कुत्र्यास आणि कुलगुरूंस सारखाच. मग आदर कोठें ठेवावयाचा? इंग्रजी भाषा तो वाक्याच्या प्रकारांत ठेविते. आज्ञा करावयाची ती प्रश्नाच्या किंवा विधानाच्या रूपानें करावयाची, ही तिची शिष्टाचाराची रीत. "शट द विंडो" ही उघड आज्ञा, "प्लीज शट द विंडो" ही विनंती, "वुड यू प्लीज शट द विंडो?" ही अधिक नम्र विनंती. शेवटचें वाक्य रूपानें प्रश्नार्थी आहे, पण हेतूनें आज्ञार्थी. त्यास "येस" असें उत्तर देऊन जो जागेवरच बसून राहील, त्यास व्याकरण आलें पण भाषा आली नाहीं असेंच म्हणावें लागेल.

रजेच्या अर्जांतून हा भेद वारंवार दिसतो. "मला दोन दिवसांची रजा द्यावी" हें मराठी वाक्य पूर्ण विनयाचें आहे. त्याचें शब्दशः भाषांतर करून मुलगा लिहितो, "गिव्ह मी लीव्ह फॉर टू डेज". 'द्यावी'मधील सारा विनय वाटेंतच गळून पडला, व मुख्याध्यापकांच्या मेजावर एक हुकूम जाऊन पडला. तेथें असें लिहावें : "आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू विल ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज". पुढें नोकरीसाठीं अर्ज करतांना हा भेद विसरणें किती महागांत पडेल, हें निराळें सांगावयास नको. अर्ज वाचणारास आपला स्वभाव दिसत नाहीं. त्यास आपलें वाक्य तेवढें दिसतें.

४. उद्गारार्थी वाक्य. हर्ष, शोक, आश्चर्य इत्यादि भाव ज्यांत उसळून येतात, तें उद्गारार्थी. तें बहुधा 'व्हॉट' किंवा 'हाऊ' या शब्दानें सुरू होतें. नाम पुढें असेल तर 'व्हॉट' : "व्हॉट अ लव्हली फ्लॉवर इट इज!" केवळ विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर 'हाऊ' : "हाऊ स्वीटली शी सिंग्ज!" हे शब्द प्रश्नांतहि येत असल्यामुळें मुलें फसतात. भेद क्रमांत आहे. "हाऊ टॉल इज ही?" हा प्रश्न झाला, त्यास फूट व इंच सांगून उत्तर द्यावें. "हाऊ टॉल ही इज!" हा उद्गार झाला, त्यास उत्तर नको. दोन शब्दांची अदलाबदल झाली, आणि वाक्याची जातच पालटली. शब्दाची ओळख जागेवरून पटते, असें आम्हीं आरंभीं म्हटलें तें याचसाठीं.

कांहीं व्याकरणकार आशीर्वाद व इच्छा यांचीं वाक्यें निराळीं काढून इच्छार्थी असा पांचवा प्रकार मानितात. जसें, "मे यू बी हॅपी". तो मानिला तरी चालेल.

विरामचिन्हांविषयीं दोन शब्द येथेंच सांगतों. विधानापुढें पूर्णविराम, प्रश्नापुढें प्रश्नचिन्ह, उद्गारापुढें उद्गारचिन्ह हीं आतां आपणांस मराठींतहि सहज वाटतात. परंतु आपल्या जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज चिन्ह सहसा आढळत नाहीं. हीं चिन्हें इंग्रजीच्या सहवासानें आपल्याकडे आलीं, व तीं रूढ करण्याचें पुष्कळसें श्रेय मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यांतील सहकारी मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. चिन्ह हा वाक्याचा आवाज आहे. तें गाळणें म्हणजे एकाच सुरांत सर्व कांहीं वाचून टाकणें.

रचनेवरून पडणारे प्रकार

आतां दुसरी विभागणी. वाक्य कशासाठीं उच्चारिलें तें न पाहतां, तें कसें बांधलें आहे हें पाहिलें, म्हणजे तीन प्रकार होतात : केवल, संयुक्त व मिश्र.

ज्यांत एकच उद्देश्य व एकच विधेय असतें, तें केवल वाक्य. येथें लांबीचा संबंध नाहीं. "बर्ड्ज फ्लाय" हें दोन शब्दांचें वाक्य केवल आहे, आणि "द ओल्ड फार्मर वेन्ट टु द मार्केट विथ हिज सन अर्ली इन द मॉर्निंग" हें लांबलचक वाक्यहि केवलच आहे. कारण त्यांत काळ दाखविणारें क्रियापद 'वेन्ट' हें एकच आहे. म्हणून शब्द मोजूं नका, क्रियापदें मोजा.

दोन किंवा अधिक स्वतंत्र वाक्यें 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो' यांसारख्या अव्ययांनीं जोडलीं, म्हणजे संयुक्त वाक्य होतें : "ही वर्क्ड हार्ड, बट ही फेल्ड". यांतील दोन्ही वाक्यें सख्ख्या भावांप्रमाणें समान दर्जाचीं असतात. कोणतेंहि वेगळें काढलें तरी तें आपल्या पायांवर उभें राहतें.

मिश्र वाक्यांत एक मुख्य वाक्य असतें, व बाकीचीं त्याच्या आश्रयानें राहणारीं गौण वाक्यें असतात : "व्हेन द बेल रँग, द बॉइज वेन्ट होम". "व्हेन द बेल रँग" एवढेंच म्हणून थांबलों, तर ऐकणारा पुढें काय म्हणून आपल्या तोंडाकडे पाहत राहील. हीच गौण वाक्याची परीक्षा.

मिश्र वाक्यांत मराठी विद्यार्थ्यांच्या तीन चुका विशेष दिसतात. मराठींत 'जरी' आला कीं 'तरी' हवाच, 'जो' आला कीं 'तो' हवाच. आपलीं अव्ययें व सर्वनामें जोडीनें चालतात. इंग्रजींतील शब्द बहुधा एकटा चालतो. म्हणून "दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट" असें लिहूं नये. 'दो' असल्यावर 'बट' नको. तसेंच "जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे" याचें इंग्रजी "द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर" असें होतें. मध्यें पुन्हां 'ही' घालावयाचा नाहीं.

तिसरी चूक अधिक घातक आहे. "काकांनीं लिहिलें कीं मी सोमवारीं येईन." मराठींत येणारे काका, याविषयीं कोणास शंका येत नाहीं. आतां मुलानें त्याचें भाषांतर केलें, "अंकल रोट दॅट आय वुड कम ऑन मंडे". इंग्रजी वाचणारास वाटेल कीं काका येत नाहींत, हा मुलगाच कोठेंतरी जाणार आहे! स्टेशनावर काका एकटे उभे राहतील आणि घरीं कोणास पत्ताहि नसेल. 'दॅट' आल्यावर सर्वनाम लिहिणाराच्या दृष्टीनें बदललें पाहिजे : "अंकल रोट दॅट ही वुड कम ऑन मंडे".

एक विचार, अनेक रूपें

वाक्याचे प्रकार ओळखणें ही पहिली पायरी. एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करणें ही दुसरी. आजारी असल्यामुळें तो आला नाहीं, हा एक साधा विचार घ्या. तो तिन्ही रचनांत मांडतां येतो.

केवल : "बीइंग इल, ही डिड नॉट कम."
संयुक्त : "ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम."
मिश्र : "ॲज ही वॉज इल, ही डिड नॉट कम."

हेतूचेहि प्रकार असेच पालटतां येतात. "हाऊ कोल्ड द वॉटर इज!" या उद्गाराचें विधान "द वॉटर इज व्हेरी कोल्ड" असें होईल. "हू डझ नॉट लव्ह हिज मदर?" हा प्रश्न उत्तराची अपेक्षा करीत नाहीं, त्याचें विधान "एव्हरीवन लव्ह्ज हिज मदर". रूपांतरांत शब्द बदलले तरी अर्थ ढळतां कामा नये, एवढें पथ्य पाळावें.

या विषयाचा अधिक अभ्यास करूं इच्छिणारांनीं रेन व मार्टिन यांचें व्याकरण पाहावें. पुष्कळ घरांतून वडिलांनंतर मुलानें तें वापरिलेलें असतें. त्यांतील रेन हे, १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीचे कर्ते पी. सी. रेन होत. ते हिंदुस्थानांत शिक्षणखात्यांत नोकरीस होते. मराठी वाक्यरचनेसाठीं मोरो केशव दामले यांचें १९११ सालीं निघालेलें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' शिक्षकांच्या मदतीनें चाळावें.

घरीं करावयाचा अभ्यास

रोज रात्रीं जेवणानंतर पांच मिनिटें पुरे. आईनें किंवा वडिलांनीं मराठींत एक साधें वाक्य सांगावें. जसें, "मुलें खेळतात". मुलानें त्याचें इंग्रजी विधान, नकार, प्रश्न व आज्ञा अशीं चार रूपें करून दाखवावीं : "द चिल्ड्रन प्ले", "द चिल्ड्रन डू नॉट प्ले", "डू द चिल्ड्रन प्ले?", "चिल्ड्रन, प्ले". मग आईनें विचारावें, "यांतला प्रश्न कोणता? आज्ञा कोणती? कशावरून?" हें 'कशावरून' फार महत्त्वाचें आहे. ज्यास कारण सांगतां येतें, त्यास धडा आला असें समजावें.

पुढील वाक्यें सोडवून पाहावीं.

१. "शी डिड नॉट केम." चूक सुधारा.
२. "व्हॉट यू वाँट?" चूक सुधारा.
३. "हाऊ डीप द वेल इज!" प्रश्न करा.
४. "यू हॅव नॉट ईटन, हॅव यू?" तुम्ही जेवलेले नाहीं. उत्तर द्या.
५. "इफ इट रेन्स, वुई शॅल स्टे ॲट होम." रचनेवरून प्रकार सांगा.

उत्तरें : १. "शी डिड नॉट कम." २. "व्हॉट डू यू वाँट?" ३. "हाऊ डीप इज द वेल?" ४. "नो, आय हॅव नॉट." ५. मिश्र.

शेवटीं एवढेंच सांगतों. व्याकरण हा परीक्षेपुरता विषय आहे असें समजून पुष्कळ मुलें त्याचा कंटाळा करितात. आम्हांस मात्र व्याकरणाचें पुस्तक उघडलें, कीं कपाटामागें पडलेलें तें नकाशांचें पुस्तक आठवतें. मनांत सत्य असणें ही मोठी गोष्ट खरी; परंतु तें दुसऱ्याच्या मनांत सत्यरूपानेंच पोंचावें, यासाठीं वाक्य नीट बांधतां आलें पाहिजे. बालमित्रहो, ही विद्या तुम्ही मन लावून शिका. म्हणजे तुमच्या एखाद्या वाक्यासाठीं तुमच्या वडिलांस टोपी हातांत धरून कोणाच्या दाराशीं उभें राहावें लागणार नाहीं.